अण्णांच्या पुस्तकात मी बदललेल्या जागा

आमचे अण्णा गेल्या माघात गेले. अण्णा म्हणजे माझे सासरे, गोपाळकृष्ण मास्तर. रहिमतपूरला शाळेत त्यांनी चौतीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, मग सांगलीत विश्रामबागेला आमच्याकडे राहायला आले आणि इथेच त्यांनी आपलं एकुलतं एक पुस्तक पुरं केलं. पुस्तकाचा विषय ऐकला की माणसं आधी हसत आणि मग काय बोलावं ते न सुचून गप्प बसत. यहुदी लोकांचा हिब्रू धर्मग्रंथ, आणि असीरिया, बाबिलोन, इराण असल्या जुन्या साम्राज्यांच्या भाषांशी गाठ पडून तो कसा घडत गेला, हा विषय. असलं पुस्तक लिहिणारा दुसरा माणूस आपल्या भागात असेल असं मला वाटत नाही. वाचणारे तरी किती असतील, देव जाणे.

अण्णांची इच्छा एकच होती. आपण लिहिलंय तसं ते छापून यावं, एक शब्द इकडचा तिकडे नको. ते तसं आलं नाही, आणि त्याला कारण मी.

मी रोज दुपारी वहीत चार ओळी लिहिते. लग्नाआधीपासूनची सवय. त्या वह्या पुढ्यात घेऊन हे लिहिते आहे, कारण आठवणीवर माझा आता भरवसा राहिलेला नाही.

हिब्रू त्यांना कुठे भेटली, हे मी नवी नवरी असतानाच विचारलं होतं. ते सांगलीत कॉलेजात होते तेव्हा मिरजेला एक म्हातारे पाद्री राहत. मिशनचं काम सुटलेलं, मागेपुढे कुणी नाही, डोळे अधू. त्यांना संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. अण्णा सायकलवरून जात. वाचून झालं की पाद्रीबाबा त्यांना उजवीकडून डावीकडे जाणारी ती चौकोनी अक्षरं शिकवत. असं तीन वर्षं चाललं. पाद्रीबाबा वारले तेव्हा एक व्याकरण आणि शिवण उसवलेला एक शब्दकोश अण्णांच्या वाट्याला आला. तो शब्दकोश त्यांनी उशाशी ठेवला तो कायमचाच.

रहिमतपुरात ही गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. मास्तर बाटले, असं गावात झालं. अण्णांच्या आईंनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. शेवटी अण्णांनी घरात सत्यनारायण घातला, सोवळं नेसून पूजेला बसले, सगळ्या आळीला प्रसादाला बोलावलं, तेव्हा कुठे लोक गप्प झाले. पोरं मात्र त्यांना शेवटपर्यंत हिब्रू मास्तरच म्हणत. सासूबाईंना या नादाचा राग नव्हता, पण टोमणा मारायची संधी त्या सोडत नसत. म्हणत, "यांचं सगळंच मागून पुढे. मी भांडी घासून उठले की हे जेवायला येणार."

आमच्याकडे आले तेव्हा बरोबर कपड्यांची एक बॅग होती आणि पत्र्याची एक पेटी. पेटीत चाळीस वर्षांचं लिखाण. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत मुलांनी कोरी सोडलेली पानं काढून, दोऱ्याने शिवून केलेल्या वह्या. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'श्री'. पुण्याच्या दोन प्रकाशकांनी ते साभार परत केलं होतं. माझे यजमान अवधूत कुपवाडच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्यांना वडिलांच्या या कामाचं कधी काही वाटलं नाही. एकदा जेवताना म्हणाले, "अण्णा, हे वाचणार कोण?"

अण्णा म्हणाले, "तू नाहीस एवढं नक्की."

तीन वर्षांपूर्वी अण्णांना कंपवात सुरू झाला. पेन धरवेना. डोळ्यांचं मधलं दिसेनासं झालं. बाजूचं दिसायचं, पण समोरची ओळ पुसल्यासारखी. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि पेटी उघडायला लावली.

"अनसूया, तुझं अक्षर चांगलं आहे. रोज वहीत लिहितेस. हे स्वच्छ उतरवून देशील?"

"देईन की. पण मला त्यातलं काय कळणार?"

"कळायची गरज नाही. उलट बरंच. ज्याला कळतं तो मध्ये घुसतो. मी लिहिलंय तसं उतरव, एवढंच."

मी हो म्हटलं. त्या दिवशीच्या पानावर माझ्या वहीत आहे: 'अण्णांचं काम घेतलं. देवाचंच काम समजून करायचं.' आता वाटतं, तसं समजले नसते तर बरं झालं असतं.

दुपारी दोन ते चार आमची बैठक. मी खाटेजवळ खुर्चीत, अण्णा उशीला टेकून, आणि खाली फरशीवर भामाबाई. भामाबाई अण्णांचं सगळं करायला दिवसभर येत. त्या जतच्या पलीकडच्या. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आता थोडी शेती. मुलगा सूरज कुपवाडला कामाला लागला म्हणून इकडे आलेल्या. त्यांच्या घरात कानडी, आमच्याशी मराठी, आणि चपात्या मोजायच्या झाल्या की 'वंदु, यरडु, मूरु'.

अण्णांना त्या मोजण्याचं भारी कौतुक. म्हणत, "मला जे सांगायला पन्नास पानं लागली ते ही बाई चपात्या मोजताना करून दाखवते."

"काय केलं म्या?" भामाबाई घाबरून विचारत.

"काही नाही हो. हिशेब आईच्या भाषेत आणि मालकिणीशी बोलणं दुसऱ्या भाषेत. बाबिलोनला धरून नेलेल्या लोकांचं असंच झालं."

मग ते सांगत. त्या लोकांचं राज्य मोडलं, देऊळ जळलं, माणसं परमुलखात नेली. तिथे बाजारात, कचेरीत अरामी भाषा. दोन-तीन पिढ्यांनी मायदेशी परत आले तेव्हा ग्रंथ हिब्रूत आणि पोरं अरामी बोलणारी. अक्षरंसुद्धा आपली जुनी सुटली आणि अरामी वळणाची आली. काही लेखक मात्र बाकी सगळा मजकूर नव्या अक्षरांत लिहीत आणि देवाचं नाव तेवढं जुन्या अक्षरांत. हे उतरवताना माझ्या अंगावर काटा आला होता. लोकांना ग्रंथ समजेना म्हणून देवळात एकाने वाचायचं आणि शेजारी दुसऱ्याने उभं राहून लोकांच्या बोलीत सांगायचं, अशी रीत पडली.

"आणि त्या सांगणाऱ्याने हातात कागद धरायचा नाही," अण्णा म्हणाले. "त्याचे शब्द ग्रंथात मिसळू नयेत म्हणून."

भामाबाई म्हणाल्या, "आमच्याकडं बी आसंच हाय की. देव अंगात आला की पुजारी कानडीत बोलतोय. मग शेजारचा मराठीत सांगतोय, जतकडनं आलेल्या सुनांस्नी."

अण्णा उठून बसले. "लिही, लिही अनसूया. तळटीप."

"माझं नाव घालू नगा बरं का मास्तर. देव कोपंल."

"देवाला काय करायचंय? त्याला दोन्ही भाषा येतात."

"न्हाई. आमच्या देवाला कानडीच कळतंय."

त्या दुपारी अण्णा फार हसले. आणखी एक गोष्ट ते भामाबाईंना वरचेवर सांगत. असीरियाचा सरदार यरुशलेमच्या तटाखाली फौज घेऊन उभा. लोकांच्या बोलीत मोठ्याने धमक्या देतो. आतले कारभारी विनवतात, साहेब, अरामीत बोला, आम्हाला कळते ती. तटावरच्या लोकांना ऐकू जाईल असं नको. तो म्हणतो, मला त्यांनाच तर ऐकवायचंय.

"लय बेरकी की वं त्यो!" भामाबाई म्हणायच्या. "आमच्याकडं सायेब लोक आमाला कळू ने म्हून इंग्रजी झाडत्यात. ह्येनं उलटंच केलं."

"राजवट अशी घरात शिरते, भामाबाई. आधी भाषा शिकून येते." मग माझ्याकडे वळून, "आपल्या साताऱ्याचे जुने कागद बघ. ज्यांच्याशी लढलो त्यांचे फारसी शब्द पानोपानी. अर्ज, हुकूम, फौज, किल्लेदार. म्हणून राज्य आपलं नव्हतं की काय?"

इथवर मी उतरवलं ते जसंच्या तसं. चूक झाली ती चौथ्या प्रकरणात.

असीरियाचा राजा मांडलिकांकडून शपथ घेववीत असे. शपथ मोडणाऱ्यासाठी शापांची लांबलचक यादी. जमीन लोखंडासारखी होवो, तांब्याच्या आकाशातून पाऊस न पडो, असे. यहुद्यांच्या ग्रंथात देव आपल्या लोकांना शाप ऐकवतो तेही जवळजवळ तेच. अण्णांनी दोन्ही समोरासमोर मांडले होते आणि खाली लिहिलं होतं: 'ज्या सत्तेने त्यांना चिरडलं तिच्याच शपथपत्रातले शाप उचलून त्यांनी ते आपल्या देवाच्या तोंडी घातले. राजाशी वाहायची शपथ देवाशी वाहिली, आणि त्या दिवसापासून राजाची भीती कमी झाली.'

देवाच्या तोंडी घातले. माझा हात थांबला. देव माझा नव्हे, दुसऱ्यांचा, हे मान्य. पण देव तो देवच. आपल्या पोथीबद्दल उद्या कुणी असं लिहिलं, की हे देवाच्या तोंडी माणसांनी घातलंय, तर आपल्याला काय वाटेल? आणि हे माझ्या हाताने लिहायचं, ज्या हाताने सकाळी देव पुसते त्या हाताने? आमच्या घराला त्याचं काही लागलं तर? माझ्या मुलीचं, वल्लरीचं, लग्न तेव्हा जमत नव्हतं. मनात काय काय येऊन गेलं.

मी लिहिलं: 'त्या काळच्या लोकांना कळेल अशा भाषेत देवानेच त्यांना हे शाप ऐकवले.' दुसरं वाक्य गाळलं, कारण पहिल्याला ते जुळेना.

वहीत त्या दिवशी एकच ओळ आहे: 'अण्णांचं एक वाक्य सौम्य केलं, देवाची माफी मागितली.' अण्णांची मागावी हे डोक्यातही आलं नाही.

एकदा हात सैल सुटला की सुटतो. पुढे आणखी अकरा जागा झाल्या. कुठे 'उसना घेतला' होतं तिथे 'प्रकट झाला' केलं, कुठे अर्धी ओळ गाळली. दर वेळी वाटे, पुस्तक यामुळे शोभेल, लोक अण्णांना नावं ठेवणार नाहीत, परत कुणी बाटले म्हणणार नाही. कोणत्या जागा, त्याची नोंद मी कुठेच केली नाही. चांगल्या कामाची कसली नोंद करायची?

गेल्याच्या गेल्या वर्षी नवरात्राआधी घर साफ करायला काढलं, तेव्हा पेटीला वाळवी लागलेली दिसली. अण्णांना डोळ्यातल्या इंजेक्शनसाठी यजमान मिरजेला घेऊन गेले होते. शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलं होतं. अण्णा ते तोंडीच सांगणार होते. बाकी सगळं माझ्या अक्षरात उतरून झालेलं. वाळवी पुस्तकांच्या कपाटाकडे जायच्या आत त्या वह्यांचं काहीतरी करायला हवं होतं.

पानापानावर श्री. आत त्या लोकांच्या देवाचं चार अक्षरी नाव, जे ते तोंडाने उच्चारतही नाहीत. असले कागद रद्दीत कसे घालणार? आपली पोथी झिजली, पानं सुटली की आपण ती वाहत्या पाण्यात सोडतो. माझ्या माहेरी, वाईला, आजीची पोथी अशीच कृष्णेत सोडलेली मला आठवते. मी वह्या धुतलेल्या पांढऱ्या कापडात बांधल्या.

भामाबाई दारात उभ्या. "आवं वैनी, मास्तरास्नी इचारा तरी."

"त्यात विचारायचं काय? सगळं उतरवून झालंय."

"व्हय, पर त्येंच्या हातचं हाय त्ये."

"म्हणूनच तर. उकिरड्यावर जाऊ द्यायचं का?"

रिक्षाने कृष्णेच्या घाटावर गेलो. घाटावर निर्माल्यासाठी वेगळा हौद केलेला आहे, पण माझं मन तिथे टाकायला धजेना. शेवटच्या पायरीवर बसून हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली आणि एकेक वही सोडली. लगेच बुडाल्या नाहीत. भिजून फुगल्या, शाई सुटली, निळसर पाणी थोडा वेळ पायरीपाशी घुटमळलं. भामाबाई पदर तोंडाला लावून बघत होत्या. मला आतून बरं वाटत होतं, नीट काहीतरी केल्यासारखं.

त्यानंतर थंडीत अण्णांनी शेवटचं प्रकरण सांगायला घेतलं. ते ग्रंथ उतरवणाऱ्या लेखकांबद्दल होतं. परक्या राजवटी, परक्या भाषा यांतून ग्रंथ आला, तो या लोकांच्या हातून आला. अण्णा डोळे मिटून सांगत आणि मी लिहीत असे.

त्यांनी सांगितलं की ग्रंथात एखादं अक्षर उघड चुकलेलं असलं तरी ते लोक त्याला हात लावत नसत. चूक तशीच ठेवून वाचायचं कसं ते समासात लिहीत. फक्त अठरा जागा अशा, की जिथे जुन्या लेखकांनी मूळ शब्द बदलले असं त्यांची परंपराच सांगते. एके ठिकाणी देव माणसासमोर उभा राहिला असं होतं. देवाने माणसापुढे उभं राहणं बरं दिसेना, म्हणून माणूस देवासमोर उभा राहिला असं केलं.

मी विचारलं, "अण्णा, त्यांनी चांगल्या भावनेनंच केलं ना?"

"भावना चांगलीच होती. म्हणून तर कुणी अडवलं नाही. पण निदान यादी ठेवली. या अठरा जागी आम्ही हात लावला, हे सांगून गेले. यादी ठेवणाऱ्या लेखकाला मी माफ करतो."

मग म्हणाले, "आणि जुने झिजलेले ग्रंथ ते टाकत नाहीत. देवळाच्या एका खोलीत साठवतात, नाहीतर पुरतात. त्या खोल्यांतून शेकडो वर्षांनी कागद निघाले, म्हणून आपल्याला कळलं की कुठे काय वेगळं होतं. का थांबलीस?"

"पेन संपलं," मी म्हटलं, आणि उठून देवघरात गेले. पेन संपलं नव्हतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यांना सगळं आठवत असेल, माझी वही दुरुस्त करता येईल, छापखान्यात अजून गेलेलं नाही, हे सगळं मला कळत होतं. खरं सांगायचं तर मला अजूनही माझीच वाक्यं बरी वाटत होती. आणि वह्यांचं कसं सांगू, हाही प्रश्न होता. एक सांगितलं की दुसरं निघणार.

शेवटी पदरच्या पैशांनी पुस्तक छापायला दिलं. तपासायची मुद्रितं आली ती मी त्यांना वाचून दाखवली. बदललेली जागा आली की कागदावर माझं वाक्य आणि तोंडाने मी अण्णांचं म्हणे. चौथ्या प्रकरणातलं मला पाठ होतं. बाकीची जशी आठवतील तशी, थोडी अंदाजाने. अण्णा मान हलवत. एकदा म्हणाले, "इथे मी 'झुकले' लिहिलं होतं की 'वाकले'?" मी म्हटलं, "वाकले." मला माहीत नव्हतं.

पुस्तक दिवाळीच्या आधी आलं. तीनशे प्रती. अण्णांनी एक प्रत छातीवर ठेवून घेतली आणि दुपारभर तशीच ठेवली. वल्लरी पुण्याहून सुट्टीला आली होती. पाडव्याच्या दिवशी दुपारी त्यांनी तिला हाक मारली. "चौथं प्रकरण वाच. तुझ्या आईने इतक्यांदा वाचलंय की मला तिच्या आवाजातच ऐकू येतं. जरा वेगळा आवाज होऊ दे."

मी स्वयंपाकघरात होते. वल्लरीचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"परत वाच," अण्णा म्हणाले.

तिने वाचलं.

"परत."

तिने तिसऱ्यांदा वाचलं: त्या काळच्या लोकांना कळेल अशा भाषेत देवानेच त्यांना हे शाप ऐकवले.

"पुढचं?"

"पुढे नवा परिच्छेद आहे, आजोबा."

"अनसूया."

मी हात पुसत गेले. त्यांनी रागाने विचारलं नाही. म्हणाले, "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"किती ठिकाणी?"

"बारा. बहुतेक बारा."

"पेटी आण."

तेव्हा मी सांगितलं. वल्लरी पुस्तक हातात धरून उभी राहिली होती. अण्णा छताकडे बघत ऐकत होते.

"सगळ्या वह्या?"

"सगळ्या."

"फुलं घातलीस?"

"घातली."

"म्हणजे रीतसर केलंस," ते म्हणाले, आणि भिंतीकडे कुशीवर वळले. वल्लरी मात्र बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आई, तू त्यांना खोटं वाचून दाखवत होतीस?"

दुसऱ्या दिवशी मी एक प्रत आणि पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "अण्णा, समासात लिहून काढू या. तुम्ही सांगा." आठ जागा मला आठवल्या. चार कुठे आहेत तेच सापडेना. माझी वाक्यं त्यांच्या वाक्यांत अशी मिसळून गेली होती की मीच ओळखू शकेना. आठांपैकी तीनच जागांची मूळ वाक्यं अण्णांना सांगता आली.

"तुम्हाला आठवत नाही?" मी विचारलं.

"डोक्यात राहिलं असतं तर कागदावर कशाला लिहिलं असतं?" ते म्हणाले. मग, "ते पेन्सिल-बिन्सिल राहू दे. हे पुस्तक कुणाला देऊ नकोस. माझं नाव आहे त्याच्यावर. घरातच पडू दे."

प्रती माळ्यावर गेल्या. दोन ते चारची बैठक मोडली. अण्णा भामाबाईंना म्हणत, तुम्ही कानडीत बोला. अण्णांना कानडी येत नव्हती. तरी त्या बोलत आणि हे डोळे मिटून ऐकत. मी एकदा विचारलं, "काय सांगता हो त्यांना एवढं?"

"आमच्या मेंढरांची नावं सांगतोय," भामाबाई म्हणाल्या. "दुसरं काय सांगू? त्येंनी इचारलं तर न्हाईच काय."

माझ्याशी ते नीट बोलत. पाणी दे, उशी सरकव, वल्लरीचा फोन आला का. पुस्तकाचं नाव पुन्हा काढलं नाही. मी दोनदा पाया पडून माफी मागितली. दोन्ही वेळा त्यांनी हात उचलून डोक्यावर ठेवला. तो थरथरत होता, पण तो तर कायमच थरथरायचा. त्यावरून मी काय समजायचं?

माघात, एकादशीच्या सकाळी, ते गेले.

तेराव्याला आमच्याकडे आलेल्यांना स्तोत्राची लहान पुस्तिका वाटायची पद्धत आहे. यजमान बाराव्याच्या संध्याकाळी माळ्यावर चढले आणि अण्णांच्या पुस्तकाचे गठ्ठे खाली काढले. "दुसरं काही आणायची गरज काय? त्यांचं स्वतःचं आहे ना."

मी म्हटलं, "त्यांनी कुणाला देऊ नका म्हणून सांगितलं होतं."

"का?"

वल्लरी माझ्याकडे बघत होती. "सांग ना आई, का ते."

घरात यजमानांच्या बहिणी, चुलते, रहिमतपूरची चार माणसं. मी म्हटलं, "काही चुका राहिल्यात छपाईच्या."

"कुणाला कळतंय त्यात," यजमान म्हणाले. "माणूस गेल्यावर तरी त्याचं लिखाण चार लोकांच्या हातात जाऊ दे. मी जिवंतपणी कधी वाचलं नाही, तेच डाचतंय मला."

ते रडत होते. चाळीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. वल्लरी आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी दारापाशी उभी राहून मी स्वतः एकेक पुस्तक दिलं. लोकांनी ते कपाळाला लावलं आणि पिशवीत घातलं. एकशे सत्तर प्रती गेल्या.

परवा रहिमतपूरहून फोन आला. अण्णांचा एक जुना विद्यार्थी, शंभूराज नावाचा, आता शाळेच्या समितीवर आहे. म्हणाला, "काकू, मास्तरांना आम्ही काय काय म्हणायचो हो लहानपणी! पुस्तक वाचून लाज वाटली. केवढा श्रद्धाळू माणूस. ते चौथ्या प्रकरणातलं वाक्य, देवानेच त्यांच्या भाषेत ऐकवलं म्हणून, ते आम्ही शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलं."

मी नुसतं "हं" म्हटलं. त्याला वाटलं मला भरून आलं असेल.

"एक मागणं होतं," तो म्हणाला. "पुस्तकाच्या हस्तलिखिताचं एखादं पान द्याल का? त्यांच्या स्वतःच्या अक्षरातलं. फ्रेम करून शाळेत लावायचंय. रविवारी आम्ही दोघं-तिघं येतो न्यायला."

मी "या" म्हटलं. घरी येतो म्हणणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणतात?

आज शुक्रवार आहे. त्यांना काय सांगायचं ते नीट ठरवावं म्हणून वही घेऊन बसले होते. यजमानांना अजून काही माहीत नाही. हे वाचलं की कळेल. ज्या आठ जागा आठवल्या त्या मागच्या पानावर पानांच्या आकड्यांसह लिहून ठेवल्या आहेत, तीन अण्णांच्या शब्दांत, बाकी पाच माझ्या अंदाजाच्या. पुढे चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. ते पान मी रविवारी फाडून शंभूराजच्या हातात देणार आहे. अक्षर माझं आहे, हेही त्याला सांगावं लागेल.